शेजवान चटणी गाडीवरच्यासारखी होत नाही? या चुका टाळा

चायनीजच्या गाडीवर लॉलीपॉपची दुसरी प्लेट मागवली जाते ती त्या लालभडक चटणीसाठी. घरी केली की मात्र ती नुसती तिखटजाळ तरी होते, नाहीतर कच्ची लागते. दोष मिरचीला दिला जातो. माझ्या अनुभवात चटणी बिघडते ती लसणापाशी.

तरी आधी मिरचीचं बघू. रंगासाठी बेडगी, झणक्यासाठी गुंटूर. 15 बेडगीला 4 गुंटूर पुरतात. देठ काढा, निम्म्या बिया झटका आणि अर्धा तास कढत पाण्यात भिजवा. बोटांनी दाबून साल मऊ लागली पाहिजे, नाहीतर कितीही वाटलं तरी सालपटं दाताखाली येतात. वाटताना पाणी चमच्याचमच्यानेच घाला.

आता लसूण. या मापाला 25 पाकळ्या, आणि त्या सुरीने बारीक चिरलेल्या. मिक्सरमधून काढलेला लसूण कढईच्या तळाला चिकटतो आणि बघता बघता करपतो. तेल कडकडीत तापवून त्यात लसूण टाकणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पाऊण वाटी तेल कोमट असतानाच लसूण घाला, आच मंद ठेवा. आधी बारीक बुडबुडे येतात, मग उग्र वास निवळतो आणि तुकड्यांच्या कडा फिक्या पिवळ्या दिसू लागतात. त्याच क्षणी किसलेलं आलं आणि मिरचीचं वाटण घालायचं. लसूण सोनेरी व्हायची वाट बघू नका, गरम तेलात तो पुढेही तळला जातोच. एकदा दार उघडायला गेले तेवढ्यात माझा लसूण तपकिरी झाला. साखर घातली, टोमॅटो सॉस घातला, कडवटपणा तसूभरही कमी झाला नाही. करपलेल्या लसणाला उतारा नाही. वाटण अजून घातलं नसेल तर ते वाचवा आणि तेल-लसूण नव्याने घ्या.

वाटण घातल्यावर घाई नको. मंद आचेवर 10-12 मिनिटं परता, कडेने लाल तेल सुटलं पाहिजे. चटणी कच्ची लागते ती इथे गॅस लवकर बंद केल्यामुळे. तेलात हात आखडला तरी तेच होतं.

सोया सॉस एकच छोटा चमचा, जास्त झाला की चटणी काळवंडते. दोन चमचे व्हिनेगर अगदी शेवटी, कारण उकळत राहिलं की त्याचा आंबटपणा उडून जातो. तिखट जास्त झालं तर साखर आणि थोडा टोमॅटो सॉस चालतो. सगळं जमूनही गाडीची चव येत नसेल, तर राहिलंय ते चिमूटभर अजिनोमोटो.

नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं असलं, तरी जीभ बधिर करणारी तिथली मिरी आपल्या गाडीवरच्या चटणीत सहसा नसते. ती मुद्दाम मागवू नका, चव दूरच जाईल. (तिची बहीण आपल्याकडे आहेच: कोकणात बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ.)

चटणी निवली की कोरड्या बरणीत भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, चमचाही कोरडाच वापरा. तेलात बुडालेला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. तिथे हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे (एक जीवघेणी अन्नविषबाधा) जंतू वाढू शकतात, वासावरून ते कळतही नाही. आठवड्याभरात संपवा.