फाइलची डिजिटल सही तपासताना या चुका टाळा

जुलै उजाडला की सोलापुरातल्या करसल्लागारांच्या ऑफिसांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. 31 तारखेच्या आत रिटर्न भरायचे, मध्येच एखाद्या टॉवेल कारखानदाराचं टेंडर येतं आणि नेमकं तेव्हाच डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं उपकरण, कॉम्प्युटरकडून ओळखलं जात नाही. मग गुगलवर ‘टोकन ड्रायव्हर’, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, शोधायचं आणि पहिल्या लिंकवरची फाइल उतरवून घ्यायची. फाइलला सही आहे ना, एवढं आता बरेच जण बघतात. पण बघतात ते वरवर.

आधी एक गोंधळ दूर करू. तुमचं डीएससी टोकन ही तुमची सही, रिटर्न आणि टेंडरसाठी. सॉफ्टवेअरच्या फाइलवर असते ती ते बनवणाऱ्याची सही. ‘आमच्याकडे डिजिटल सिग्नेचर आहे’ म्हणून उतरवलेली फाइल सुरक्षित होत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब. तिथे कंपनीचं नाव दिसलं की खिडकी बंद. सही झाल्यावर फाइलमध्ये कुणी ढवळाढवळ केली असली, तरी ते नाव यादीत तसंच दिसतं. नाव निवडून ‘डिटेल्स’ दाबा. सही ‘ओके’ आहे की ‘नॉट व्हॅलिड’, हे तिथेच कळतं. ‘नॉट व्हॅलिड’ असेल तर ती फाइल डिलीट करा, दुसरा विचार नको.

‘ओके’ आलं तरी नाव नीट वाचा. पीडीएफच्या सॉफ्टवेअरवर भलत्याच ट्रेडिंग कंपनीची सही असेल, तर थांबा. कागदोपत्री कंपनी काढून सही करायचं खरंखुरं प्रमाणपत्र मिळवणारे भामटे आहेत. चाटी गल्लीतून आणलेल्या चादरीवरचं लेबल कारखाना कुठला ते सांगतं, रंग जाईल की नाही ते सांगत नाही. सहीचंही तसंच आहे: फाइल कुणाची आणि नंतर बदलली का, एवढंच ती सांगते.

याचे दाखले मोठे आहेत. 2010 मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी केलेल्या सह्या होत्या. 2017 मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.33 आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेत शिरून घातक कोड घुसवला. सही अस्सल होती, फाइल अधिकृत साइटवर होती आणि ती 22 लाखांहून अधिक कॉम्प्युटरवर पोचली. म्हणून अपडेट आणि अँटिव्हायरस चालू ठेवायला सही हा पर्याय नव्हे. दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर किंवा मोबाइल चालवू देणाऱ्या एनीडेस्कचंही लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर खरं, सही खरी, पण ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून ते टाकलं की खातं रिकामं होतं. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच याबद्दल सावध केलं होतं.

मोबाइलवर तर सहीचा आधार फारच तोकडा. प्रत्येक एपीके फाइलला, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपच्या फाइलला, सही असावीच लागते, पण ती कुणीही स्वतःच बनवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून एपीके आली, तर उघडूच नका. पत्रिका कधी अ‍ॅप नसते.

उलट बाजूचीही चूक होते: चांगली फाइल घाबरून टाकून देणं. प्रमाणपत्राची मुदत संपली असली, तरी सही करताना वेळेचा शिक्का लागला असेल तर सही ग्राह्य राहते. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला हे हमखास दिसतं. शिक्का नसेल आणि प्रमाणपत्र मुदतीत नाही असं दिसत असेल, तर आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल गेला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. विंडोजच्या स्वतःच्या कित्येक फाइलींत हा टॅबच नसतो, कारण त्यांची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलीत असते.

सही नसलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा-अक्षरांचा कोड, बनवणाऱ्याने दिलेल्या हॅशशी जुळवता येतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्यासाठी ‘गेट-फाइलहॅश’ (Get-FileHash) ही कमांड आहे. मात्र जिथून फाइल उतरवली, त्याच पानावरच्या हॅशवर विसंबू नका. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटमध्ये घुसून डाउनलोडची लिंकच बदलली गेली होती. साइट ज्याच्या हाती, तो शेजारचा हॅशही बदलू शकतो. शंका वाटली तर फाइल व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसनी तपासणाऱ्या साइटवर टाकून बघा, पण अशिलांची कागदपत्रं तिथे टाकू नका. तिथे टाकलेल्या फाइली इतरांच्या हाती पडू शकतात.

आणि संशयास्पद फाइल चालवून झालीच असेल, तर इंटरनेट तोडा, टोकन काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. टोकन त्याच कॉम्प्युटरला लावलेलं होतं का, हे आठवून पाहा. लावलेलं असेल तर डीएससी ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना त्याच दिवशी कळवा आणि ते रद्द करावं लागेल का ते विचारा.