रिसर्च इंटर्नशिपचा अर्ज लिहिताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बीएस्सीची मुलं स्टाफरूमच्या दारात घुटमळायला लागतात. हातात मोबाइल, त्यात पानभर मजकूर आणि तोंडी एकच वाक्य, "सर, एवढं एकदा बघता का?" कुणाचा तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज असतो, कुणाला पुण्यातल्या आयसर किंवा एनसीएल या संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांना ईमेल पाठवायचा असतो. स्वतःचं शिक्षण, केलेलं संशोधन आणि पुढे काय करायचंय, एवढंच त्यात लिहायचं असतं. सांगलीत बसून मी अशी पानं बरीच वर्षं वाचतोय. मुलं हुशार असतात, राबतात, पण पानावर ती दिसतच नाहीत. याची मला खरंच हळहळ वाटते, म्हणून त्याच त्या चुका इथे मांडतो.

"मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे"

बहुतेक अर्ज या वाक्यानं सुरू होतात. वाक्य खोटं नसतं, पण समोर शेकडो अर्जांचा गठ्ठा असलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

तासगावकडची मायक्रोबायोलॉजीची एक विद्यार्थिनी असंच लिहून घेऊन आली. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, घरी काय काम करतेस? म्हणाली, द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी हा रोग येतो, पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, पान उलटलं की खाली पांढरी लव. वडील मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. एकदा तिनं दोन पानं जेवणाच्या डब्यात घालून कॉलेजात आणली होती, एक फवारलेल्या ओळीतलं, एक राहून गेलेल्या कडेच्या वेलीचं. खालची लव खरवडून स्लाइडवर घेतली आणि दोन्हींतले बीजाणू मोजले. पुढे पुस्तकात वाचलं की डाऊनीचा जीव ही खरी बुरशी नव्हेच, द्राक्षावरचा दुसरा रोग, भुरी, मात्र खरी बुरशी. तेव्हा तिला उमगलं की भुरीवर चालणारी काही औषधं डाऊनीवर का लागू पडत नाहीत.

"मग हे अर्जात का नाही?"

"सर, ते तर घरचं काम आहे ना."

आपल्या मुलांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती लिहिण्याची नाही, समजुतीची आहे. विज्ञान म्हणजे फक्त प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही झालेलं, असं त्यांनी धरलेलं असतं. तिनं सुरुवातीचं वाक्य काढून तिथे डब्यातली दोन पानं आणली, मग बाकीचा अर्ज तिनं एका दुपारीत लिहिला.

"यशस्वीरीत्या तयार केले"

प्रोजेक्टचा परिच्छेद इथे हमखास घसरतो. सध्या बीएस्सी थ्रीला चांदीच्या नॅनोकणांचा प्रोजेक्ट घराघरांत आहे म्हणा ना. वनस्पतीचा अर्क घ्यायचा, सिल्व्हर नायट्रेट घालायचं, रंग तपकिरी झाला की कण झाले. सांगलीत तो अर्क हळदीचाच असायचा, हे ओघानं आलंच.

एकानं लिहिलं होतं, "हळदीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण यशस्वीरीत्या तयार केले, ४२५ नॅनोमीटरला शिखर मिळाले." मी विचारलं, अर्क कशात काढला? इथेनॉलमध्ये. आता अडचण बघा. चांदीच्या नॅनोकणांचं शिखर, म्हणजे प्रकाश सगळ्यात जास्त शोषला जातो ती जागा, साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात येतं हे बरोबर. पण हळदीतलं कर्क्युमिनही अल्कोहोलमध्ये ४२५ च्या आसपासच प्रकाश शोषतं. म्हणजे चांदी घातलीच नसती तरी तिथे शिखर दिसलं असतं! नुसत्या अर्काचा आलेख काढलास का, म्हटल्यावर पोरगा गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो आलेख काढला. शिखर जवळपास तिथेच. बिचारा प्रोजेक्टच खोडायला निघाला होता. मी म्हटलं, खोडू नको, हेच लिही. नवा मजकूर असा झाला: "४२५ नॅनोमीटरला शिखर मिळाले, परंतु नुसत्या अर्काचे शिखरही तिथेच येते. त्यामुळे नॅनोकण तयार झाले असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. अर्काचे शोषण वजा करून आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहून खात्री करायची आहे." आधीच्या वाक्यापेक्षा हा मजकूर कितीतरी दमदार आहे. प्रयोग फसला तर का फसला ते लिहा. कंट्रोल, म्हणजे इथल्या नुसत्या अर्कासारखा तुलनेचा नमुना, ठेवला नसेल तर अर्ज करायच्या आधी ठेवा, आठवडा जातो फार तर.

यंत्रांच्या यादीचंही तेच. लॅब अटेंडंटनं चालवलेलं आणि तुम्ही लांबून पाहिलेलं यंत्र "हाताळले" म्हणून लिहू नका. मुलाखतीत कुणी विचारलंच की २६० नॅनोमीटरला मोजताना काचेचा क्युवेट (नमुना ठेवायची छोटी नळी) का चालत नाही, तर क्वार्ट्झ हा शब्द ज्यानं स्वतः मोजलंय त्याच्याच तोंडी पटकन येतो.

"शास्त्रज्ञ होऊन देशसेवा करायची आहे"

इच्छा चांगली आहे, पण ध्येयाच्या रकान्यात पुढची पायरी हवी. एमएस्सी कशात, त्यासाठी फेब्रुवारीतली जॅम ही प्रवेश परीक्षा देणार का, आणि कोणत्या प्रश्नाच्या मागे जायचंय. प्रश्न छोटा असला तरी चालतो. मात्र एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका. आयुकात खगोलशास्त्र चालतं, एनसीएलमध्ये रसायनशास्त्र, दोन्हीकडे "आपल्या संस्थेतील कार्याने प्रभावित झालो" हे कसं जमेल? ज्यांना लिहिताय त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचा आणि त्यातलं काय कळलं नाही ते विचारा. आणि बाई शास्त्रज्ञांना "डिअर सर" लिहू नका. दरवर्षी कुणीतरी लिहितंच.

"ग्रामीण भागातील असल्याने"

या शब्दांनी सुरू होणारी विनवणी वाचली की जीव तुटतो. सातारा-सांगलीत जन्मणं ही काय माफी मागायची गोष्ट आहे? ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत झालेल्या भूकंपाचा अभ्यास जगभर होतो, कारण धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतात का हा प्रश्न तिथे उभा राहिला. तिथल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं, आणि त्या कामाची पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे. पाटणच्या फिजिक्सवाल्या मुलानं हे लिहायचं नाही तर कुणी? साताऱ्याच्या बॉटनीवाल्यांसाठी कास आहे. पण "कास पठार जागतिक वारसा आहे" एवढं लिहून थांबू नका. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून त्यात गेंदाची आणि सीतेच्या आसवांची फुलं दर आठवड्याला मोजली असतील, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

कमी गुण लपवू नका, मार्कलिस्ट जोडावीच लागते. एकाच्या घरात ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं होतं, त्या वर्षी दोन विषय राहिले. त्यानं एका वाक्यात कारण दिलं आणि पुढच्या वाक्यात ते विषय कधी सोडवले ते लिहिलं. बास, तेवढं पुरतं.

शिफारसपत्र आदल्या रात्री मागू नका. पंधरा दिवस आधी सरांना किंवा मॅडमना भेटा आणि सोबत अर्जाचा मसुदा व प्रोजेक्टची एक प्रत द्या, म्हणजे पत्रात "विद्यार्थी शिस्तप्रिय आहे" याच्यापुढे काहीतरी येईल.

ईमेलला उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबा, मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. त्यालाही उत्तर आलं नाही तर पुढच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध उघडा आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहा.