कोणत्या वयात अंग किती वळायला हवे: घरच्या घरी मोजा आणि सुधारा

पायाच्या अंगठ्याला हात टेकला तर अंग लवचिक, नाही टेकला तर वय झाले, असा हिशेब बहुतेक घरांत चालतो. तो चुकीचा आहे. हात लांब आणि पाय आखूड असलेल्या माणसाचा हात मांडीमागचे स्नायू आखडलेले असूनही टेकतो. लांब पायांच्या माणसाचे स्नायू मोकळे असले तरी बोटे घोट्यापाशीच थांबतात. शिवाय अंगठ्याला हात लागतो, पण सतरंजीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात, अशी माणसे साठीनंतर भरपूर दिसतात. वयाबरोबर सांधे ताठरतात हे खरे. पण माणूस पडतो आणि दुसऱ्यावर अवलंबून राहू लागतो तो मुख्यतः पायांतली ताकद आणि तोल गेल्यामुळे. म्हणून लवचिकता एकटी मोजू नये. ताकद, तोल आणि सांध्याची हालचाल या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

मोजायचे कसे

लागणारे सामान थोडके आहे: मोजपट्टी, मोबाइलवरचे स्टॉपवॉच आणि हात नसलेली, बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटीमीटर उंच असलेली पक्की खुर्ची. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. प्लास्टिकची खुर्ची नको. ती वाकते आणि सरकते. पाय अनवाणी, कपडे सैल, फरशी कोरडी असू द्या. आधी पाच मिनिटे घरातच भरभर चाला. साठीच्या पुढच्या व्यक्तीने ही मोजणी एकट्याने करू नये. शेजारी कोणीतरी उभे हवे.

पहिली चाचणी जमिनीवर बसून उठण्याची. उभे राहा, पाय एकमेकांत अडकवा, मांडी घालून खाली बसा आणि तसेच उठा. गुण दहा: बसण्याचे पाच, उठण्याचे पाच. हात, कोपर, गुडघा किंवा मांडीवर दाबलेला तळवा, असा जो आधार घ्याल त्या प्रत्येकाचा एक गुण कमी. तोल डगमगला तर अर्धा गुण कमी. घाई करू नका, वेळ मोजायचा नाही. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार जणांवर ही चाचणी करून २०१२मध्ये निष्कर्ष मांडले. आठपेक्षा कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण जास्त होते. कमी गुणांमुळे मृत्यू येतो असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल, वजन आणि लवचिकता यांचा एकत्रित हिशेब ही एकच हालचाल देते, म्हणून ती उपयोगी आहे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर ही चाचणी सोडून द्या.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर आडवे ठेवा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. गुडघे पूर्ण सरळ झाले तरच एक मोजायचा. बसताना धपकन टेकणे हे मांड्या थकल्याचे लक्षण आहे, ते कितव्या वेळी सुरू झाले तेही लिहून ठेवा. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य.

तिसरी चाचणी एका पायावर उभे राहण्याची. डोळे उघडे, नजर समोर, हात बाजूला. उचललेला पाय दुसऱ्या पायाच्या मागे पोटरीला लावा. तीन प्रयत्नांतला सर्वांत चांगला धरा. चाळिशीच्या आत ४५ सेकंद सहज जमायला हवेत. पन्नाशीत चाळिसेक, साठीत तीसच्या आसपास, सत्तरीत वीसच्या आसपास सेकंद ही सरासरी धरा. ऐंशीनंतर दहाच्या आत आले तरी ते वयाला धरूनच आहे. पण पन्नाशी ते पंचाहत्तरी या काळात दहा सेकंदही जमत नसतील तर तोलाचा व्यायाम आजच सुरू करायला हवा.

खांद्यासाठी गोमुखासनातले हात पुरतात. एक हात डोक्यावरून पाठीमागे, दुसरा कमरेमागून वर, आणि मधल्या बोटांमधले अंतर कोणाला तरी मोजायला सांगा. तिशीत बोटे एकमेकांना लागावीत. साठीच्या सुरुवातीला स्त्रियांमध्ये सातआठ सेंटीमीटर आणि पुरुषांमध्ये पंधरा-सोळा सेंटीमीटरपर्यंत अंतर राहिले तरी काळजीचे कारण नाही. पुरुषांचे खांदे सरासरीने जास्त आखडलेले असतात, त्यामुळे नवराबायकोने एकमेकांशी तुलना करू नये. दोन बाजूंत थोडा फरक प्रत्येकात असतो. तो तीनचार महिन्यांत वाढला तर मात्र लक्ष द्या.

शेवटची चाचणी घोट्याची. लोक हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाय थोडा मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच उचलल्याशिवाय गुडघा टेकतो असे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे सर्वांत जास्त अंतर मोजा. दहा सेंटीमीटर म्हणजे ठीक. पाच-सहाच येत असेल, तर उकिडवे बसताना तुमची टाच उचलली जाते, सगळा भार चवड्यावर येतो, आणि टाच टेकवायला गेले तर माणूस मागे कलंडतो. तेव्हा गुडघ्याला दोष दिला जातो, खरे आखडलेले असतात घोटा आणि पोटरी. दोन पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जुन्या मुरगळीची आठवण करून पाहा.

मुले आणि वाढीचे वय

लहान मूल दोन्ही टाचा टेकवून उकिडवे बसून तासभर खेळते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ते टिकवायचे असेल तर जमिनीवरचे बसणे बंद करू नका. अभ्यासाला पाट, जेवायला मांडी, आणि रोज सरासरी तासभर दम लागेल असा खेळ. ५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये सांगितलेले प्रमाण हेच आहे, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणाऱ्या हालचाली हव्यात. लंगडी, दोरीच्या उड्या, खो-खो यांत ते आपोआप होते, कारण हाड आघाताने घट्ट होते. हाडांचा साठा तिशीपर्यंतच जमा होतो, नंतर तो जपायचा. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत पहिली ते तिसरीच्या मुलांचा तोल आणि हातांची चपळाई बघतात. चौथीपासून पुढे धावणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि हातांचे व्यायाम येतात. वयानुसार अपेक्षा कशी बदलावी याचा तो चांगला नमुना आहे.

खरी गल्लत होते ती बारा-चौदाच्या वयात. कालपर्यंत पायाला हात लावणारे मूल अचानक गुडघ्यापर्यंतच वाकते आणि पालक आळशीपणाचा ठपका ठेवतात. मुलींमध्ये साधारण दहा ते तेरा आणि मुलांमध्ये बारा ते पंधरा या काळात हाडे झपाट्याने लांब होतात. स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) त्या वेगाशी जुळवून घ्यायला वेळ घेतात, म्हणून मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत राहतात. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे कंडरा हाडाला चिकटतो, तिथे किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. या मुलांना धरून, पाठीवर बसून वाकवू नका. ओढले जाते ते अजून कोवळे असलेले कंडरा आणि हाड यांचे जोडाचे ठिकाण. उड्या आणि धावणे काही आठवडे कमी करा, हळू ताण द्या, पोहणे चालू ठेवा. वर्ष-दीड वर्षात लवचिकता बरीच परत येते. ज्यांचे सांधे जन्मतःच जास्त वळतात, अशा मुलांना ताणाची नव्हे, ताकदीची गरज असते.

विशी ते पन्नाशी

विशी-तिशीत शरीर सगळे सोसते, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. १८ ते ६४ वयासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम, किंवा त्याच्या निम्म्या वेळेचा जोराचा व्यायाम हवा. त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा. फक्त सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यात ढकलणे भरपूर आहे, ओढणे जवळजवळ नाही. पाठीच्या वरच्या भागासाठी वजन ओढण्याचा किंवा लोंबकळण्याचा व्यायाम जोडा. तिशीनंतर काहीच केले नाही तर दर दहा वर्षांनी स्नायूंचा तीन ते आठ टक्के भाग घटतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो.

चाळिशीत आणि पन्नाशीत दोन गोष्टी हमखास पुढे येतात. पहिली, गोठलेला खांदा. ४० ते ६० या वयात, स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त. याची खूण म्हणजे हात स्वतः उचलता येत नाहीच, आणि दुसऱ्याने धरून फिरवला तरी अडतो. बाहेरच्या बाजूला वळवताना सर्वांत जास्त. अशा खांद्याला गोमुखासनात ओढणे म्हणजे महिनोन्महिने दुखणे वाढवून घेणे. दुखण्याच्या अलीकडे थांबून लोलकासारखे झोके द्या, फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि साखर तपासा. दुसरी गोष्ट रजोनिवृत्तीची. त्यानंतरची पहिली काही वर्षे हाडांची घनता वेगाने घटते, आणि नेमक्या याच वेळी अनेक स्त्रिया "आता झेपेल तेवढे" म्हणून फक्त चालण्यावर येतात. चालणे चांगलेच, पण ते हाड आणि स्नायू धरून ठेवायला पुरत नाही. खुर्चीवरून उठबस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, जिना चढणे हवे.

साठीनंतर

इथे खुर्चीची चाचणी मुख्य. तीस सेकंदांत ६०-६४ वयात पुरुषांनी १४ आणि स्त्रियांनी १२ वेळा उठायला हवे. ६५-६९ला १२ आणि ११, ७०-७४ला १२ आणि १०, ७५-७९ला ११ आणि १०, ८०-८४ला १० आणि ९. यापेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका. चालण्याचा वेगही मोजा: घरात किंवा गच्चीत सहा मीटरची रेघ आखा, तिच्या दोन मीटर आधीपासून नेहमीच्या चालीने चालू लागा, रेघ संपल्यावरही चालत राहा. सहा मीटरला सहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर स्नायूंच्या झिजेबाबत डॉक्टरांशी बोलायला हवे.

या वयात आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा व्यायाम असावा. स्वयंपाकघराच्या ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभे राहणे, मग टाचेला बोट लावत एका रेषेत चालणे, मग ओट्याजवळच, पण बोट न टेकवता. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले असेल तर पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणे), पायाला हात लावणे आणि कंबर वाकवून पिळणे बंद करा. वाकलेल्या कण्यात मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो भाग चेपू शकतो. त्याऐवजी पाठ सरळ ठेवून खुब्यातून झुका, किंवा पाठीवर झोपून पायाच्या चवड्याला पंचा अडकवून पाय वर घ्या.

ताण देण्याची रीत

अंग गरम झाल्यावर, आठवड्यातून दोन-तीन दिवस, जमल्यास रोज. एक ताण १० ते ३० सेकंद धरा, साठीनंतर ३० ते ६०. असे दोन ते चार वेळा. एका स्नायूला एकूण मिनिटभर ताण मिळाला की पुरे. हिसके देऊ नका, कारण झटका बसला की स्नायू प्रतिक्रियेने आणखी आखडतो. ओढल्यासारखे वाटले तर योग्य, टोचले किंवा सांध्याच्या आत दुखले तर चूक. गुडघेदुखी असलेल्यांनी मालासनात, म्हणजे पूर्ण उकिडवे, थेट बसू नये. आधी टाचांखाली दुमडलेली सतरंजी घाला, खिडकीचे गज किंवा खांब धरा आणि दर आठवड्याला जाडी कमी करा. वज्रासनात नितंब आणि टाचांच्या मध्ये उशी ठेवली की गुडघ्यावरचा ताण उतरतो.

वाकताना पायात मुंग्या किंवा विजेसारखी कळ उतरली तर तो आखडलेला स्नायू नसून नस असू शकते. जास्त ओढाल तर ती चिडते. छातीत दाब, भोवळ, सुजलेला गरम सांधा, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा पायातली अचानक आलेली कमजोरी असल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.

आकडे तारखेसह वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वेळ तीच ठेवा, खुर्ची तीच ठेवा. सकाळी उठल्याउठल्या अंग ताठ असते, संध्याकाळी मोकळे. दोन वेगळ्या वेळी मोजलेले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.