रायफलमनचा हिरवा कोट काळा दिसू नये म्हणून

नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिशांच्या ९५व्या रायफल्स या पलटणीचे २८ मिमी मापाचे छोटे पुतळे रंगवले की गडद हिरवा कोट, काळी कॉलर आणि काळे पट्टे टेबलावर लांबून एकच काळा ठिपका दिसतात.

कोट खऱ्या गणवेशापेक्षा एक छटा उजळच घ्या. उठाव देताना, म्हणजे उंच भाग उजळवताना, हिरव्यात पांढरा मिसळू नका, कोट पुदिन्यासारखा फिकट पडतो. थोडा पिवळा मिसळा आणि फक्त खांदे, कोपर, चुण्यांच्या कडा यांवर फिरवा.

कॉलर-कफांच्या पांढऱ्या किनारीसाठी उलटा क्रम सोपा पडतो:

१. आधी अख्खी कॉलर आणि कफ पांढऱ्याच्या जागी फिकट राखाडी रंगवा.
२. पूर्ण सुकू द्या.
३. आत काळा भरा, कडेला बारीक रेघ सोडा.

हात हलला तर पुन्हा राखाडीने कड सावरता येते.

बेसवर (पुतळ्यांखालच्या चकतीवर) दोघेदोघे चिकटवा, एक नेम धरलेला, दुसरा बार भरणारा. विखरून लढताना ही माणसं जोडीनेच असत, त्यामुळे ही मांडणी मला सर्वांत आवडते. भोवती फेविकॉल आणि बारीक चाळलेली वाळू पुरे.

मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळी दमट हवेत मारू नका. रंगावर पांढुरकी झाक येते.