काचेला चिकटणारं जलरंगाचं चित्र

पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरलं आणि चित्र काचेला चिकटलं. कारण एकच, मधे माउंट नव्हता, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट, जी चित्र काचेपासून लांब ठेवते. नवी फ्रेम मापं देऊन करून घेतली.

चित्र 11 × 15 इंच, माउंटची खिडकी 10.5 × 14.5, म्हणजे कडा पाव इंच झाकतात. माउंटची पट्टी तीन बाजूंना अडीच इंच, खाली तीन. बाहेरचं माप 15.5 × 20. माउंट आम्लमुक्तच घ्या, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. चित्र फक्त वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांवर टांगायचं. चारही बाजूंनी सेलोटेप लावली तर दमट हवेत कागदाला पसरायला जागा राहत नाही, मग तो फुगतो. काच, माउंट, मागचा बोर्ड मिळून सात-आठ मिमी होतात. हे सगळं ज्यात बसतं ती फ्रेमची खाच 10 मिमी खोल सांगा (दुकानदार आपणहून विचारेलच असं नाही). मागे खालच्या कोपऱ्यांत रबरी चकत्या लावल्या की भिंतीची ओल लांब राहते.