फॅन्टस्मॅगोरिया: शब्दातलं भूत पडद्यावर आणताना

फॅन्टस्मॅगोरिया म्हणजे नुसता भास नव्हे. आकृत्या वाढतात, विरतात, एकीतून दुसरी निघते, तिथेच हा शब्द शोभतो. मराठीत त्याच्या जवळ जातो 'शांबरी': शंबरासुराची माया. ग्रीक 'फान्तास्मा' म्हणजे भास, भूत. उरलेला भाग 'अगोरा'वरून (सभा) आला की सभेत बोलण्याच्या क्रियापदावरून, यावर एकमत नाही. पण शब्द रुळला तो दिव्याने पडद्यावर भुतं दाखवण्याच्या खेळामुळे. पॅरिसमध्ये डिसेंबर १७९२ मध्ये फिलिडोर या जादूगाराने तो जाहिरातीत वापरला, १७९८ पासून रॉबर्टसन या दुसऱ्या खेळवाल्याने गाजवला. चाकांवरचा दिवा पडद्यामागे दूर नेला की चित्र मोठं होतं, आणि अंधारात प्रेक्षकाला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. शब्दाचा अर्थ नीट कळायला हा खेळ करूनच बघावा.

१० सेंमी नाभीय अंतराचं भिंग घ्या. पारदर्शक शीटवर ३ सेंमीची आकृती काढा, भोवतालचा सगळा भाग काळ्या अपारदर्शक रंगाने दोनदा भरा आणि दिव्यासमोर धरून तपासा; टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी पडद्यावर तारा उगवतो. दिवा आणि भिंग यांच्या मध्ये शीट उलटी, म्हणजे आकृतीचं डोकं खाली करून, लावा. पडदा ट्रेसिंग पेपरचा. तो फार पातळ असला तर मागचा दिवाच ठिपक्यासारखा दिसतो; मग दुहेरी करा. प्रेक्षक पलीकडे बसणार, म्हणून अक्षरं असतील तर शीटची बाजूही पालटा.

खरी कसोटी फोकसची. भिंगापासून पडदा ११० सेंमीवर असताना शीट भिंगापासून ११ सेंमीवर हवी. आकृती ३० सेंमीची दिसते. १५० सेंमीवर शीट १०.७ वर, २१० सेंमीवर १०.५ वर, आणि आकृती ६० सेंमी. म्हणजे दिवा मीटरभर सरकतो, शीट जेमतेम ५ मिमी. त्यातले ३ मिमी पहिल्या ४० सेंमीतच संपतात. भिंगाची नळी एकसारख्या गतीने सरकवली की मध्येच चित्र धूसर होतं ते यामुळे. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांवर तिन्ही खुणा आधीच करून ठेवा.

आणखी एक घोटाळा: आकृती दुप्पट झाली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, भूत जवळ येता येता फिकटतं आणि युक्ती उघडी पडते. म्हणून सुरुवातीला भिंगापुढे पुठ्ठ्याची झडप बरीचशी मिटलेली ठेवा आणि दिवा मागे नेताना ती हळूहळू उघडत जा.