लहानपणीच गेलेल्या लेकराची जुनी नोंद कशी शोधायची

‘आजीला आधी एक मुलगी होती, ती गेली’, बहुतेक घरांत माहिती इथेच संपते. अशा लेकराला नावाने शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. बारशाआधी गेलं असेल तर नाव नव्हतंच. आणि बारसं झालेलं असलं तरी जुन्या गाववहीत जन्म लिहिताना बहुधा बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. म्हणून शोध बापाच्या नावाने, सालाने आणि गावाने.

साल काढण्यासाठी जगलेल्या भावंडांच्या जन्मतारखा शाळेच्या जनरल रजिस्टरातून उतरवून ओळीने मांडा. १ जून ही तारीख दिसली की विश्वास ठेवू नका. ती बहुतेकदा शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली असते. दोन भावंडांत चार-पाच वर्षांचं अंतर असेल तर आधी ती वर्षं धरा. नावंही बोलतात. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू ठेवत, म्हणजे दृष्ट लागू नये. असं नाव घरात असेल तर त्याच्या जन्माआधीची वर्षं चाळा. गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला दिलेलंही सापडतं. तिथे दोघांची नोंद एकाच्या खात्यावर घालण्याची चूक हमखास होते.

गाव ठरवताना सर्वात जास्त लोक फसतात. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्म आईच्या माहेरच्या गावात आणि मृत्यू सासरी, असा प्रकार नेहमीचा. माहेरच्या वहीत बापाऐवजी आईच्या वडिलांच्या नावाखाली नोंद असू शकते. दोन्ही गावं पाहा.

आता वही. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘कोतवाल बुका’त असतात आणि त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्जात एकच साल लिहू नका. गाव आणि तीन-चार वर्षांचा टप्पा द्या. आधी पाहणी मागा, नोंद सापडली की मग नक्कल. तालुका किंवा जिल्हा नंतर फुटला असेल (लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला) तर जुन्या मुख्य ठिकाणीही चौकशी करा. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी अनेक जिल्ह्यांनी पानं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली आहेत, पण ती निवडक पानं असतात. तिथे नाही म्हणजे नोंदच नाही, असं समजू नये.

पानं बहुधा मोडी लिपीत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे घाईत आडनाव चुकतं. जाणकाराला एका ओळीचा नव्हे, रकान्यांच्या मथळ्यांसह पूर्ण पानाचा फोटो द्या. त्याच हातची इतर नावं पाहून अक्षर उलगडतं. मराठवाड्यात निजामाच्या काळची कागदपत्रं उर्दूत आणि साल फसली (तिथली महसुली सालगणना): इसवी साल काढायला डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांना त्यात ५९० मिळवा, जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१.

मृत्यूच्या बाजूला वय महिन्या-दिवसांत आणि रोग दिसतो: देवी, पटकी, गोवर, ताप. हा रोग डॉक्टरने ठरवलेला नसतो, म्हणून ‘ताप’ या शब्दावर फार भार टाकू नका. त्यापेक्षा त्याच महिन्याची मागची-पुढची पानं वाचा. एका गावात लागोपाठ नोंदी असतील तर साथ होती. १९१८ च्या पावसाळ्यानंतरच्या पानांवर इन्फ्लुएंझाची चाहूल अशीच लागते.

शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शोध मागा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे प्रमाणपत्र मिळतं, मात्र त्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. तान्ह्या मुलांना बहुधा पुरत असल्याने दहनाच्या पावत्या शोधण्यात वेळ घालवू नका. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही असं मूल क्वचितच सापडतं, कारण त्याचं श्राद्ध होत नसे. पण आईवडील यात्रेला कोणत्या साली आले आणि तेव्हा सोबत किती मुलं होती, हे तिथे कळू शकतं.